बाजूच्या पायरीवर दहा दिवस

इतवारीत तांबटांच्या ओळीमागे एक फरसबंद अंगण होतं. एका टोकाला कोनाड्यात मारुती, दुसऱ्या टोकाला मागच्या दाराची दगडी पायरी. रोज दुपारी चार वाजता तिथे मुलींची व्यायामशाळा भरायची. वर छप्पर नव्हतं, बसायला सतरंजी नव्हती. पंचवीस-तीस मुली, बांबूच्या काठ्या, दहा-बारा लेझमी आणि आमच्या बाई, एवढीच व्यायामशाळा.

बाई पन्नाशीच्या, अंगाने रुंद, पांढऱ्या लुगड्याचा काचा घट्ट मारलेल्या. त्यांच्या वडिलांची तालीम होती. लहानपणी दाराच्या फटीतून बघून बघून त्या नमस्कार, काठी, मुगदल सगळं शिकल्या. पुढे कुंकू गेलं, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाच्या घराचं हे मागचं अंगण त्यांनी मागून घेतलं आणि गल्लीतल्या पोरी गोळा केल्या. मला त्यांनी गोळा केलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि आत्याच्या घरी आल्याला तीन वर्षं झाली होती.

माझं घर राजापूरकडचं. चौथीच्या पुढे मुलींना वर्गच नव्हता, तेव्हा शाळा आपोआप संपली. आत्या नागपूरला, पाठोपाठची बाळंतपणं, हाताखाली कुणी नाही. आईने मला बोटीत बसवून पाठवलं. बोटीतून मुंबई, तिथून आगगाडी. सगळ्या वाटेवर मला एकच धास्ती होती, आपण उपयोगी पडलो नाही तर परत पाठवतील. ती धास्ती नागपूरला पोचल्यावरही गेली नाही. आत्याने मला जेवूखाऊ घातलं, आजारपणात उशाशी बसली, स्वतःच्या पोरींसारखंच लुगडंचोळी केलं. तिचे उपकार मी कधी विसरले नाही. पण उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला पाऊल जपून टाकायची सवय लागते, तशी मला लागली.

व्यायामशाळेत जायला आत्याने परवानगी दिली ती एका अटीवर. "जा. पण हातपाय मोडून घरी आलीस, तर दुसऱ्या दिवशी तुझी वळकटी बांधीन आणि कोकणात रवाना करीन. लंगड्या मुलीचं लग्न जमवायला माझ्यात बळ नाही." आत्या बोलायची ते करायची. तेव्हा चार वर्षं मी काठीचे वळ, सोललेले गुडघे, सगळं पदराखाली झाकत आले.

आता त्या पायरीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दसऱ्याला आमच्या मुलींचा खेळ असायचा. श्रावण लागला की प्रत्येकीने मारुतीपुढच्या खुंटीला हळदीचा दोरा बांधायचा. एक दिवस जरी चुकला तरी बाई तो दोरा काढून टाकायच्या, आणि मग दसऱ्याला उभं राहायचं नाही. नेम म्हणजे नेम. पण महिन्याचे चार दिवस मुलीने मारुतीसमोर यायचं कसं? घरोघरी कावळा शिवायचा, घरोघरी पोरी कोपऱ्यात बसायच्या. मग नेम सगळ्यांचाच मोडायला हवा. त्यावर बाईंनी स्वतःच्या डोक्याने तोड काढली होती. जी बाजूला असेल तिने मागच्या दाराने यायचं, कोनाड्यापासून लांब त्या पायरीवर बसायचं, कुणाला शिवायचं नाही, आणि सगळ्यांच्या व्यायामाचे आकडे म्हणायचे. तिच्या आकड्यांवर नमस्कार व्हायचे, लेझीम वळायची. "विटाळ अंगाले असंन, तोंडाले थोडाच हाय?" असं बाई म्हणायच्या. दिवस भरला, नेम राहिला.

तोड चांगली होती. पण शेजारी तांबटांची ओळ. चार वाजता तिथे तीसेक हातोड्या हंड्या-घागरींवर पडत असायच्या. त्या ठणठणाटातून तीस मुलींना ऐकू जायचं तर पोटातून ओरडावं लागायचं, आणि ओरडलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, आज कोण बाजूला बसली आहे. कडेच्या दुकानात एक म्हातारा तांबट होता. नवा आवाज आला की हातोडी थांबवून तो म्हणायचा, "आज गळा बदलला वाटते!" पोरी लाजून मरायच्या. त्यातून बाकीच्यांचे आवाज तरी एकमेकींत मिसळून जायचे. मी कोकणातली, नाकात बोलणारी. माझं 'पांच' आणि 'पंचवींस' गल्लीच्या पार टोकाला ओळखू यायचं. आमचं घर तीनच घरं पलीकडे. आत्या त्या वेळी ओसरीवर तांदूळ निवडत असायची. तिला तर माझे आकडे ऐकून माझे दिवस कळायचे. "आज चौथा ना गं तुझा? उद्या न्हा म्हणजे झालं," असं ती हिशेब लावून सांगायची.

त्या वर्षी मी अठराची झाले होते. दुसरी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि कोकणातून आईचं पत्र आलं होतं की एक स्थळ आहे, मुलगा बिजवर आहे, पण घरचं खाऊनपिऊन बरं आहे. आत्याला ते पटत नव्हतं आणि नाकारवतही नव्हतं. नेमक्या त्याच दिवसांत बाई बातमी घेऊन आल्या. सीताबर्डीकडच्या एका मुलींच्या शाळेला ड्रिलच्या बाई हव्या होत्या. मॅट्रिक पास असेल तर बरं, पण नसली तरी चालेल, व्यायाम मात्र करून दाखवायचा. शाळेच्या हेडबाई स्वतः बघणार. पोळ्यानंतर तेरा-चौदा दिवसांनी परीक्षा.

"जाशीन का वं?" बाईंनी विचारलं.

मी लगेच "हो" म्हटलं. एवढ्या लवकर मी आयुष्यात कशाला हो म्हटलं नव्हतं. चौथी शिकलेल्या मुलीला शाळेत शिकवायची वाट दिसत होती. पुन्हा अशी वाट दिसेल असं मला वाटत नव्हतं, आणि बिजवराचं पत्र देवघरातल्या फळीवर उत्तराची वाट बघत पडलं होतं.

परीक्षेत उंच उडी होती. ती माझी कच्ची. म्हणून सगळ्या गेल्यावर मी एकटीच दोरी बांधून उड्या मारत बसायचे. पोळ्याच्या दिवशी, फरशीवर शेवाळ धरलेलं, मी दोरी पार केली आणि उजवं पाऊल दोन फरश्यांच्या मधल्या खाचेवर पडलं. घोट्यात कट्‌ असा आवाज झाला. हातोड्या चालू होत्या तरी तो मला ऐकू आला.

मी खाली बसले, मग उठले, भिंत धरून विहिरीपर्यंत गेले, पायावर गार पाणी ओतलं. घरी जाताना सरळ चालले. कशी चालले ते माझं मला माहीत. लुगडं घोट्याखालपर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे राक्षसिणीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. इतवारीत त्या दिवशी कुणी घरात नसतं, व्यायामशाळेलाही सुट्टी. लोक मारबतीला रोगराई घेऊन जायला सांगत होते, "खोकला घेऊन जा गे मारबत, ताप घेऊन जा गे मारबत!" मी ओसरीच्या खांबाला टेकून मनात म्हटलं, घोटा पण घे बाई. पण तिने काही नेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो टम्म होता.

आता करायचं काय? शहाणपणाचं उत्तर सोपं होतं: बाईंना सांगायचं, पायरीवर बसायचं, आकडे म्हणायचे. दुखऱ्या मुलींनाही बाई तिथेच बसवायच्या. पण माझे चार दिवस संपून आठवडाच झाला होता. मी पुन्हा पायरीवरून ओरडले असते तर आत्याने ओसरीवरून ऐकलं असतं. मग तिने दोनांतलं एक धरलं असतं. एक तर मागच्या खेपेला दिवस संपल्याचं मी खोटं सांगितलं, आणि विटाळशी असताना सगळीकडे शिवाशिव केली. नाही तर मला बायकी दुखणं जडलं आहे. ती बातमी स्थळाच्या आधी कोकणात पोचली असती. आणि खरं सांगावं, की पाय मुरगळला, तर वळकटी. तिन्हीकडून परीक्षा बुडत होती. तेव्हा मी ठरवलं, कुणाला काही कळू द्यायचं नाही. दोन दिवस सोसलं की आपोआप बरं होईल. अंग तापलेलं असलं की दुखत नाही, हे मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही, कारण पटवून घ्यायचंच होतं.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मी सगळं केलं. नमस्कार, लेझीम, काठी. सुरुवातीला कळ यायची, मग घोटा बधिर व्हायचा आणि मला वाटायचं, बघा, मी म्हणत होते ना! चौथ्या दिवशी लेझमीच्या चौथ्या फेरीत पाय एकदम वाकडा झाला आणि मी पुढच्या मुलीवर आदळले. तिची लेझीम माझ्या कपाळाला लागली. सगळ्या हसल्या. मीही हसून उठायला गेले आणि उठता येईना.

बाई आल्या. त्यांनी माझं लुगडं घोट्यावरून वर केलं. घोटा काळानिळा, चकचकीत.

"हा पाय हाय का भरताचं वांगं वं?" त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"आन तू नाचून राहिली? दोन दिवस?"

मी लुगडं पुन्हा घोट्यावर ओढलं.

"काहून? मले काहून नाही सांगितलं? मी काय तुले खाऊन टाकत होती?"

मग मी सगळं सांगितलं. आत्याची अट, आठवड्यापूर्वीचे आकडे, माझा नाकातला आवाज. पोरी भोवती उभ्या होत्या, त्यांतली एक फिस्‌कन हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी घोटा दोन्ही अंगठ्यांनी चाचपला, हाड मोडलं नाही एवढं बघितलं. मग म्हणाल्या, "आयक. आज चौथाच दिवस हाय. परीक्षेले दहा दिवस हायेत. आज बसशीन तर दहाव्या दिवशी उभी राहशीन. आज नाचशीन तर दहाव्या दिवशी लंगडशीन, आन पुढं पाणी भरतानाबी लंगडशीन. ताप असला अंगात, तं मी पोरीले घरी लावून देते. नुसतं नाक गळत असलं तं म्हणते, हळू कर. अन् एक सांधा दुखत असला तं तो सोडून बाकीचं अंग चालव. हे मी तुले चार वर्षं सांगून राहिली. दुसऱ्या पोरींचं तुले समजते, तुहं काहून समजत नाही?"

दुसऱ्या पोरींना परत पाठवायला कुणी टपलेलं नव्हतं.

"आत्या काय करंन ते आत्या करंन," बाई म्हणाल्या. "मी येते तिच्याकडं, बोलते."

"नको," मी म्हटलं. "मीच सांगते. पण आधी आकडे म्हणते."

हे मी कसं म्हटलं मला ठाऊक नाही. घाबरट माणसाला कधी कधी घाबरायचा कंटाळा येतो, तसं काहीसं झालं असावं. एकीच्या खांद्यावर हात टाकून मी पायरीवर गेले, दुखरा पाय पायरीवर लांब केला आणि छाती भरून ओरडले, "एक!"

हातोडी थांबली. म्हातारा तांबट भिंतीवरून डोकावला. "अरे, कोकणवाली! आठ दिवसांतच फिरून?"

"पाय मुरगळलाय, बाबाजी!" मी तिथूनच ओरडून सांगितलं. "दोन! तींन!"

"असं होय," म्हातारा म्हणाला आणि त्याने पुन्हा हंडा ठोकायला घेतला. इतकंच. चार वर्षं ज्याच्या टोमण्याची आम्ही सगळ्यांनी धास्ती घेतली होती, तो तेवढ्यावर गप्प झाला.

आत्याचं मात्र इतक्यावर भागणार नव्हतं. दिवेलागणीला मी घरी पोचले तेव्हा ती ओसरीवर उभीच होती, तांदळाचं सूप हातात.

"आकडे तुझेच ना?"

"हो."

"अगं, आठ दिवस झाले नाहीत. मग मागच्या वेळचं काय होतं?" तिचा आवाज खाली गेला. "खरं सांग. मागच्या गुरुवारी तू लोणच्याच्या बरणीत हात घातला होतास."

मी लुगडं घोट्यावरून वर घेतलं. आत्याने सूप खाली ठेवलं. वाकून घोट्याकडे बघितलं. मग तिने सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाली, "म्हणजे लोणचं शाबूत आहे."

मला हसू आलं आणि रडूही. पण आत्याला पुढचं आठवलंच. "अट विसरलीस काय?"

"नाही विसरले. वळकटी बांध. पण दहा दिवसांनी बांध, आत्या. दहा दिवस मला बसू दे आणि परीक्षेला जाऊ दे. नापास झाले तर मी आपणहून बोटीत बसेन, आणि त्या पत्राला तू हो म्हणून कळव. मी एक शब्द काढणार नाही."

आत्याशी मी असं कधी बोलले नव्हते. आत आत्याचे यजमान बंडी काढत होते, ते तसेच थांबलेले मला दिसले. शेवटी आत्या म्हणाली, "एवढं बोलायला येतं होय तुला! मला वाटलं, आकडेच येतात." मग ती आत गेली, आंबेहळद उगाळली, तव्यावर कोमट केली आणि माझा पाय मांडीवर घेऊन लेप लावला. लावताना बडबडत होती, बाई असल्या आणि उड्या असल्या आणि कोण बघतं मुलींच्या उड्या. पण लेप दहाही दिवस तिनेच लावला. तो हात आठवला की अजून मला कुणाच्या उपकाराचं ओझं वाटत नाही. नुसतं बरं वाटतं.

ते दहा दिवस सोपे नव्हते. बसून राहणं हे काम आहे असं मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. बाईंनी हलके मुगदल हातात दिले होते. बसल्या बसल्या ते फिरवायचे, आकडे म्हणायचे. खांदे भरून आले. आणि समोर तीस जोड्या पावलं दिसायची. चार वर्षं मी त्या पावलांमधलीच एक होते, मला कधी दिसलंच नव्हतं की कोण टाच टेकवत नाही, कोण सातव्या नमस्काराला श्वास विसरते, कोणाचा गुडघा आत वळतो. मी आकड्यांच्या मधे सांगायला लागले, "नऊ! टाच! दहा! मान वर!" बाई ऐकून घ्यायच्या, काही बोलायच्या नाहीत.

सहाव्या दिवशी सूज उतरली. मला राहवेना. पोरी गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "आता उडी मारून बघू?"

"त्या पायावर उभी राय. दुसरा वर घे."

राहिले.

"आता जागच्या जागी तीनदा उसळ."

उसळले. एक, दोन, तीन. दुखलं नाही, असं मी सांगितलं.

"तू मले नको सांगू. मी तुह्या पायाकडं पाहतच नव्हती, छातीकडं पाहून राहिली होती. दर खेपेले तू श्वास धरला. अंग भेते तवा श्वास धरते. ज्या दिवशी श्वास चालू ठेवून उसळशीन, त्या दिवशी उडी."

मी हट्ट केला. म्हटलं, परीक्षेत उडी आहे, ती मारली नाही तर मला घेणार कशाला? बाई म्हणाल्या, "तो तुह्या विचाराचा भाग हाय. पाय तुहा, परीक्षा तुही. मी फकस्त दिसते ते सांगते." मला वाटलं होतं त्या नाही म्हणून बजावतील. ठरवायचं माझ्यावर टाकून त्या काठ्या गोळा करायला लागल्या. आजवर दुसऱ्यांनी ठरवलेलं मी निमूट केलं होतं. आता हे एवढंसं माझ्या हातात आलं आणि मला ते काठीपेक्षा जड वाटलं.

परीक्षेच्या सकाळी घरच्या मोरीत मी पुन्हा तीनदा उसळून बघितलं. तिसऱ्या खेपेला श्वास अडकला. थोडासाच, पण अडकला. तिथेच मी मनाशी पक्कं केलं.

यजमानांनी टांगा करून दिला. शाळेच्या मैदानावर आम्ही तिघीजणी होतो. बाकीच्या दोघी मॅट्रिक झालेल्या, पायांत पांढरे बूट. हेडबाई खुर्चीवर, चष्मा नाकावर ओढलेला, हातात कागद. नमस्कार झाले, काठी झाली, मुगदल झाले. मुगदलाला मी त्या दोघींच्या पुढे होते. हात दहा दिवसांत तयार झाले होते. मैदानाला एक सावकाश फेरी, तीही मी पूर्ण केली. मग दोन शिपायांनी दोरी धरली.

पहिलीने उडी मारली. दुसरीने मारली. माझं नाव पुकारलं.

मी दोरीपाशी गेले आणि थांबले. "मी उडी मारणार नाही."

"भीती वाटते?" हेडबाईंनी विचारलं.

"हो. पाय मुरगळला होता, तो पुरता बरा नाही. आणखी पंधरा दिवस लागतील. तेव्हा बोलावलंत तर मारीन."

"मग आज आलात कशाला?"

"बाकी सगळं आज करता येत होतं म्हणून."

त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. पेन्सिल तशीच धरून म्हणाल्या, "उद्या तुमच्या वर्गातली मुलगी अशीच पाय घेऊन आली तर काय कराल?"

"आधी हाड बघीन. मग तिला बसवीन आणि हात चालवायला लावीन."

"आणि ती म्हणाली, दुखत नाही?"

"तर तिच्या छातीकडे बघीन. श्वास धरत असेल तर ती खोटं बोलते."

"खोटं का बोलेल?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल. मी मात्र त्या दिवसांत दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. म्हटलं, "बसली की सगळ्यांना दिसते म्हणून. घरी कळतं म्हणून. मुलीला दुखण्याची नाही, दिसण्याची भीती असते, बाई. मी स्वतः दोन दिवस याच भीतीने दुखऱ्या पायाने नाचले. ते केलं नसतं तर आज ही दोरी पार केली असती."

दुसऱ्या दोघींपैकी एक दुसरीकडे बघून हसली. हेडबाईंनी दोरी सोडायला सांगितलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

चार दिवस काही कळलं नाही. आत्या त्या पत्राला उत्तर लिहायला बसली आणि दौत वाळली आहे म्हणून उठली. दुसऱ्या दिवशी ताजी शाई केली आणि चूल पेटवायची म्हणून उठली. पाचव्या दिवशी शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला: पंधरवड्याने येऊन उडी दाखवावी, जागा तोवर रिकामी ठेवली आहे.

पंधरवड्याने मी गेले. श्वास चालू ठेवून उडी मारली. फार उंच नव्हती. हेडबाईंनी "बरं" म्हटलं आणि दसऱ्यानंतर वर्ग घ्यायला सांगितलं, सहा महिने कच्ची नेमणूक म्हणून. घरी आले तेव्हा आत्याने पत्राचं उत्तर लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाही. तिनेच सांगितलं, "लिहिलंय, मुलगी नोकरीला आहे, सध्या जमणार नाही." 'नोकरीला' हा शब्द म्हणताना तिने मान जरा ताठ केली.

शाळेत पहिल्याच दिवशी मी एक रीत घातली. आकडे म्हणायचे ते हजेरीतल्या नावांच्या ओळीने, आज ही, उद्या ती, बरी असो की आजारी. आणि बाक एकच, झाडाखाली. ज्या मुलीला बसायचं तिने तिथे बसायचं. का बसली, हे फक्त माझ्या कानात सांगायचं, आणि मी ते तिथेच ठेवणार. मुलींना आधी गंमत वाटली. एक मुलगी तापाने फणफणत आली आणि "मले खेळाचंच हाय" म्हणून हटून बसली. मी कपाळाला हात लावला, दप्तर तिच्या खांद्याला अडकवलं आणि घरी पाठवलं. ती रडत गेली. तिच्या रडण्याने मी बधले नाही, याचं मलाच नवल वाटलं.

संक्रांतीनंतर एक दिवस आमच्या बाई इतवारीतून टांगा करून वर्ग बघायला आल्या. फाटकापाशी उभ्या राहून त्यांनी आकडे ऐकले. मग बाकाकडे बघितलं. तिथे चार मुली बसल्या होत्या, पाय हलवत, मुगदल फिरवत.

"कोनाले काय झालं हाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

त्यांनी चौघींना नीट निरखून पाहिलं. "नाही वं सांगता येत," त्या म्हणाल्या. "काही केल्या नाही."

मग त्यांनी पदराने घाम टिपला, बाकाकडे दोन पावलं टाकली आणि मुलींना म्हणाल्या, "सरका वं पोरींनो जराशा. गुडघा दुखून राहिला माहा, मलेबी बसू द्या."